पाकिटातली डाळ आणि पाकिटामागचे आकडे



दाल मखनी, राजमा, छोले, पालक पनीर. तयार शाकाहारी जेवणाची ही पाकिटं आता आपल्यापैकी बहुतेकांच्या फडताळात असतात. दिमोना, बेरशेवा, अश्दोद, लोद, रामला, जिथे आपली वस्ती आहे तिथे भारतीय सामानाचं दुकान आहे आणि त्या दुकानात ह्या पाकिटांची एक अख्खी रांग आहे. आपले गुडघे धरलेले, बोटांचे सांधे आखडलेले, कुकर उचलवत नाही, आणि मुलं-सुना दिवसभर कामावर. लेक येते, आठवड्याची पाकिटं ओट्यावर ठेवते आणि सांगून जाते, "आई, शाकाहारी आहे, डाळच आहे, निर्धास्त खा."

ह्या "निर्धास्त" शब्दाबद्दल मला आज लिहायचं आहे.

आधी एक सांगते, मी ह्या पाकिटांच्या विरुद्ध नाही. माझ्या घरातही दोन-चार असतात. एकट्या राहणाऱ्या माणसाने रात्री चहा आणि ब्रेडच्या तुकड्यावर भागवावं, त्यापेक्षा पाकिटातला राजमा शंभर पटीने बरा. पण गोळ्या घेणाऱ्या माणसाने, आणि आपल्या वयात गोळ्या न घेणारा माणूस शोधावा लागेल, पाकीट उलटं करून मागचं छापील वाचल्याशिवाय ते रोजचं जेवण करू नये.

बऱ्याच जणांना वाटतं की इतके महिने टिकणाऱ्या डाळीत काहीतरी औषध घातलेलं असणार. तसं नसतं. शिजवलेली भाजी जाड, अनेक थरांच्या पिशवीत भरतात, पिशवी हवाबंद करतात आणि मग मोठ्या कुकरसारख्या यंत्रात वाफेच्या दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. आम्ही वॉर्डात ऑपरेशनची अवजारं जशी वाफेवर निर्जंतुक करायचो, तत्त्व तेच. जंतू मरतात, बाहेरची हवा आत जात नाही, म्हणून फ्रिजशिवाय टिकतं. भारतात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी ह्या पद्धतीवर पुष्कळ काम केलं आणि पुढे ते ज्ञान खाजगी कारखान्यांनाही मिळालं. ह्या तापवण्यात डाळीतली प्रथिनं, तंतू आणि लोह टिकतं. क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वं मात्र बरीच कमी होतात. म्हणून वाढताना वरून अर्धं लिंबू पिळावं. क जीवनसत्त्वही मिळतं आणि डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह कमी शोषलं जातं, तेव्हा चहा तासभर थांबू द्या. मला ठाऊक आहे, हे ऐकणारे थोडेच आहेत.

म्हणजे ह्या पाकिटात मीठ आहे ते डाळ टिकावी म्हणून नाही, टिकवण्याचं काम वाफेने केलेलं आहे. मीठ आहे ते चवीसाठी, आणि आपण पुन्हा तेच पाकीट घ्यावं म्हणून.

आता पाकीट हातात घ्या. भारतातून आलेल्या मालावर हिब्रू चिकटपट्टी लावलेली असते. अक्षरं बारीक असतात, भिंग घ्या, नाहीतर नातवंडाला फोनवर फोटो काढून मोठा करायला सांगा. तक्त्यात वरून खाली जाताना हे शब्द ओळखायचे. शुमान म्हणजे स्निग्ध पदार्थ, शुमान रावुय म्हणजे त्यातले धमन्यांना त्रास देणारे संपृक्त स्निग्ध. नत्रान म्हणजे सोडियम, मिठाचा एक घटक. पाख्मेमोत म्हणजे पिठूळ पदार्थ, सुकारीम म्हणजे साखर. सिवीम म्हणजे तंतू, चोथा. हेल्बोनीम म्हणजे प्रथिनं. इतके शब्द मराठीत कागदावर लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवा. आमच्या पिढीला हिब्रू बोलता येतं, बाजारहाट जमतो, पण बारीक छापील वाचायचं म्हटलं की अजून डोळे मराठीच शोधतात, त्यात लाज कसली.

तक्त्यात आकडे १०० ग्रॅमचे असतात, आणि सगळी गोम इथेच आहे. पाकीट असतं ३०० ग्रॅमचं, काही २८५ चं. १०० ग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धी वाटी. अर्धी वाटी डाळ खाऊन उठणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दाल मखनीच्या पाकिटावर साधारण कसे आकडे दिसतात ते घेऊन हिशेब करून दाखवते. १०० ग्रॅमला १३० कॅलरी, स्निग्ध ७ ग्रॅम, त्यातलं संपृक्त ३ ग्रॅम, सोडियम ३८० मिलिग्रॅम, पिठूळ पदार्थ १२ ग्रॅम, तंतू ३ ग्रॅम, प्रथिनं ४ ग्रॅम. आता सगळ्याला तिनाने गुणा. अख्ख्या पाकिटात ३९० कॅलरी, २१ ग्रॅम स्निग्ध, ९ ग्रॅम संपृक्त, १,१४० मिलिग्रॅम सोडियम, ३६ ग्रॅम पिठूळ, ९ ग्रॅम तंतू, १२ ग्रॅम प्रथिनं. तुमच्या पाकिटाचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, गुणाकार मात्र हाच.

सोडियमचं मीठ करायचं तर अडीचने गुणायचं. १,१४० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे पावणेतीन ग्रॅमहून जास्त मीठ, अर्ध्या चहाच्या चमच्याच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसभरात २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत मीठ, सपाट एक चमचा. एका पाकिटात त्यातला निम्म्याहून अधिक वाटा संपला. अजून सकाळचा ब्रेड, पिता, ऑलिव्ह, खमुत्सीम, लोणचं, पापड, आणि संध्याकाळच्या सूपमध्ये घातलेली अवकत मराक, ह्यांचा हिशेब लागलेलाच नाही. पापडाबद्दल तर बोलायलाच नको. मीठ आणि पापडखार, दोन्हींत सोडियम.

आता लाल गोलाची गोष्ट. २०२० च्या जानेवारीपासून आपल्या देशात पाकिटाच्या दर्शनी बाजूला लाल गोल चिन्हं छापणं सक्तीचं झालं. सोडियम, साखर किंवा संपृक्त स्निग्ध मर्यादेबाहेर असेल तर लाल गोल. २०२१ पासून मर्यादा आणखी कडक झाल्या. घट्ट पदार्थात १०० ग्रॅमला ४०० मिलिग्रॅम सोडियम, १० ग्रॅम साखर, ४ ग्रॅम संपृक्त स्निग्ध. कायदा चांगला आहे. त्या लाल गोलामुळे पुष्कळ लोक पाकीट परत ठेवू लागले.

पण वरचा हिशेब पुन्हा बघा. सोडियम ३८०, मर्यादा ४००. संपृक्त स्निग्ध ३, मर्यादा ४. त्या पाकिटावर लाल गोल येणार नाही. समोरून ते अगदी साळसूद दिसेल, आणि पूर्ण खाल्लं की दिवसाचं अर्धं मीठ पोटात गेलेलं असेल. लाल गोल असला तर सावध व्हायचं हे खरं. नसला म्हणून निर्धास्त व्हायचं, असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

अश्दोदच्या एका बाईंची हकिकत त्यांच्या परवानगीने सांगते. वय ७९, हृदय दुर्बळ, रोज सकाळी पाणी काढणारी गोळी. त्यांची मुलगी दोन आठवडे परदेशी गेली आणि जाताना राजमा, छोले, डाळ अशी भरपूर पाकिटं भरून ठेवून गेली. बाई दुपारी एक पाकीट भाताबरोबर खायच्या, रात्री दुसऱ्यातलं अर्धं. आठवड्याभरात पायांत चप्पल शिरेना. मग रात्री एक उशी पुरेना, तीन उशा लागू लागल्या. दवाखान्यात गोळी वाढवून दिली, विचारलं, "मीठ खाता का?" बाई म्हणाल्या, "वरून चिमूटभरही घेत नाही." ते शंभर टक्के खरं होतं. पुढे काय खाता हे कोणी विचारलं नाही. दोन दिवसांनी श्वास पुरेना म्हणून रुग्णवाहिका बोलवावी लागली आणि चार रात्री रुग्णालयात गेल्या.

मी त्यांना घरी भेटायला गेले तेव्हा बाईंनी उरलेली पाकिटं मला आपणहून दाखवली. म्हणाल्या, "मी बघूनच खात होते हो. ह्याच्यावर लाल गोल नाही." खरंच नव्हता. आम्ही दोघी टेबलाशी बसलो आणि कागदावर गुणाकार केला. दीड पाकीट, १,७०० मिलिग्रॅमच्या वर, ब्रेड आणि चीज वेगळं. ह्यात बाईंची काय चूक? जिभेलाही खारट लागत नव्हतं, कारण लोणी-सायीत आणि टोमॅटोत मीठ लपतं, आणि सत्तरीनंतर जिभेची जाणही मंदावते.

ज्यांचं हृदय दुर्बळ आहे त्यांनी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, वजन करावं आणि कॅलेंडरवर लिहावं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी समजायचं आणि त्याच दिवशी कुपत खोलीमच्या नर्सला फोन करायचा. पायांची सूज दिसेपर्यंत थांबू नये.

आता दुसरी बाजू, जिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. मीठ जास्त, पण प्रथिनं कमी. लोकांना वाटतं डाळ खाल्ली म्हणजे प्रथिनं झाली. अख्ख्या पाकिटात १२ ग्रॅम. आपल्या वयात मूत्रपिंडं ठीक असतील तर दर किलो वजनामागे दिवसाला किमान १ ग्रॅम प्रथिनं हवीत, १.२ पर्यंत चालतात. ६० किलोच्या बाईला ६० ते ७० ग्रॅम. ती पोटात गेली नाहीत तर मांड्यांचे स्नायू झिजतात, खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, आणि मग एक दिवस न्हाणीघरात पाय सरकतो. कंबरेचं हाड मोडलेल्या किती म्हाताऱ्या बायका मी कुशीवर वळवल्या आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी "मला भूक कुठे असते, थोडं वरण-भात पुरतो" म्हणणाऱ्या होत्या. पालक पनीरच्या पाकिटात पनीर किती आहे तेही बघा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. पनीराच्या आधी तेल आणि साय आलेली असेल तर ते पाकीट परत ठेवावं. यादीत पामतेल असेल तर त्यातलं निम्मं संपृक्त असतं. आणि हे बोलताना आपल्या नारळाच्या दुधाला मी सूट देत नाही, त्यातही संपृक्त स्निग्ध भरपूर असतं. ते सणावारी, रोज नको.

मधुमेहवाल्यांसाठी दोनच ओळी. ह्या देशातल्या तक्त्यात साखर किती चमचे तेही छापतात, कापियोत असा शब्द असतो. डाळीच्या पाकिटावर तिथे अर्धा किंवा शून्य दिसतो आणि माणूस खूश होतो. पण साखर वाढवतो तो बरोबरचा भात. शिजलेल्या १५० ग्रॅम भातात ४० ग्रॅमच्या वर पिठूळ पदार्थ असतात, पाकिटातले ३६ त्यात मिळवा. भात अर्धा करा.

मग करायचं काय? मी करते ते सांगते. एक पाकीट कधीच एकटं उघडायचं नाही. अर्धी वाटी मसुराची डाळ बिनमिठाची शिजवून घ्यायची, शिजल्यावर ती साधारण २०० ग्रॅम होते. मसुराला भिजवणं नको, कुकर नको, साध्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. पाकिटातली डाळ त्यात मिसळायची, वर थोडं आलं, कोथिंबीर, लिंबू. मीठ अजिबात नाही. मसाला इतका असतो की चव दोघांना पुरते. झालेल्या ५०० ग्रॅमचे दोन भाग करायचे, एक आज, एक झाकून फ्रिजमध्ये उद्यासाठी. आता एका जेवणात सोडियम ५७० मिलिग्रॅम आणि प्रथिनं १५ ग्रॅम. आधी अख्खं पाकीट खाऊन १२ मिळत होती, मीठ दुप्पट घेऊन. बरोबर एक उकडलेलं अंडं घेतलं तर आणखी ६. काकडीची कोशिंबीर बिनमिठाची. भाताऐवजी कधी ज्वारीची भाकरी मिळाली तर उत्तम, पण ती थापणारी आता घरोघर कुठे उरली.

बिरडं आठवतं ना? बिरड्याच्या रोज्याला आपल्या आया वाल दोन दिवस आधी भिजत घालायच्या, मोड काढायच्या, आणि आम्ही मुली ओळीने बसून सालं सोलायचो. त्या कामाची ताकद आता हातांत नाही. पण ह्या देशात मोड आलेली कडधान्यं आणि गोठवलेले वाटाणे, फूल दुकानात तयार मिळतात, बिनमिठाची बघून घ्यावीत. पाकिटात मिसळायला तीही चालतात. पोटात गुबारा धरत असेल तर आधी दोन चमचे घालून बघा, मग वाढवा.

ज्यांची मूत्रपिंडं कमी काम करतात त्यांनी माझा हा जास्त डाळीचा आणि जास्त प्रथिनांचा सल्ला स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्यांच्यासाठी पोटॅशियम आणि प्रथिनांचं प्रमाण दिएतानित ठरवेल. कुपत खोलीममध्ये तिची वेळ मागा, जाताना दोन रिकामी पाकिटं पिशवीत टाकून न्या. आणि "कमी सोडियमचं मीठ" म्हणून जे विकतात त्याच्या वाटेला डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नका. त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडं दुर्बळ असतील किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं.

कुमादिन घेणाऱ्यांनी पालक पनीरकडे लक्ष द्यावं. पालकात के जीवनसत्त्व असतं, ते गोळीच्या उलट काम करतं. पालक बंद करायचा नाही. महिनाभर पालक नाही आणि मग एका आठवड्यात चार पाकिटं, असं होऊ द्यायचं नाही. दर आठवड्याला साधारण सारखंच प्रमाण ठेवा.

भारतातल्या पाकिटावरचा हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, पार्वे नव्हे. दाल मखनीत लोणी आणि साय असते, छोल्यातसुद्धा कधी तूप निघतं. ज्यांच्या घरी पाळतात त्यांनी यादीत हालाव शब्द शोधावा, बासारी जेवणाशेजारी हे पाकीट उघडू नये. दूध न सोसणाऱ्यांनाही तोच शब्द उपयोगी.

शेवटी चुलीजवळचं. ज्या पिशवीला आतून चांदीसारखा पत्रा असतो ती तशीच मायक्रोवेव्हमध्ये ठेवायची नाही, ठिणग्या उडतात. काचेच्या वाडग्यात काढून, झाकून तापवा. किंवा न फोडलेली पिशवी उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, पण ती बाहेर काढताना चिमटा आणि कापताना कात्री वापरा, थरथरत्या हाताने गरम पिशवी दातांनी फाडू नका. आत वाफ कोंडलेली असते. उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये डब्यात ठेवून दोन दिवसांत संपवा. आणि फडताळातलं एखादं पाकीट न उघडता फुगलेलं दिसलं, किंवा शिवणीतून ओलं लागलं, तर चाखून बघू नका. तारीख उरली असली तरी सरळ कचऱ्यात टाका.